ज्यांनी बांधलं, त्यांनी सोडावं

"अगं ए भवाने, चप्पल काय अशी दारात आडवी पाडायची असती व्हय? नीट लाव की!"

मस्कतला येऊन मला दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत समोरासमोर माझ्याशी मराठीत कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशी तशीच उभी राहिले आणि मला रडूच कोसळलं.

"अगं बाई! रडतीस काय? मी कुठं मारलं तुला?" ती म्हातारी घाबरली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मराठी हाईस का काय तू?"

तिला ते माहीतच नव्हतं. मल्याळी असो, तमिळ असो, नाहीतर फिलिपिनो, मनोरमामावशी सगळ्यांना मराठीतच झाडायची आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ते कळायचं.

तिकडे ख्रिस्ती लोकांच्या साऱ्या मंडळ्या उपासनेला एकाच आवारात भरायच्या. प्रत्येक भाषेला एक खोली आणि ठरलेली वेळ. सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. त्या दिवशी मी आधी मल्याळी उपासनेत अर्धा तास बसले, मग तमिळ लोकांच्या टाळ्यांतून वाट काढत बाहेर आले, आणि शेवटच्या खोलीच्या दारात या बाईच्या तावडीत सापडले. आत पंचवीसएक माणसं होती. एक तबला, एक झांज, आणि नाशिकचे शेलारकाका पेटीवर. मागच्या बाकावर बसले आणि पहिलं गाणं सुरू झालं, तेव्हा मीही नकळत गायला लागले.

"कुठली गं तू?" उपासना संपल्यावर मावशीनं विचारलं.

"मिरजेची. सुवार्ता पारखे. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे."

हे काही खोटं नव्हतं. नर्सिंग मिरजेला झालं, नोकरी मिरजेला, सासर मिरजेचं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नवरा तिथंच होता. माहेर कुठलं ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"मिरजंची? तरी तुझ्या बोलण्यात मधनंच आमच्या नगरकडचा हेल येतो गं," ती म्हणाली. "चल, जेवायला चल. पोरगी पार वाळून गेलीय."

मावशी एका ओमानी कुटुंबात स्वयंपाकाला होती. त्यांची चार पोरं तिनं लहानाची मोठी केली होती. ती तिला माई म्हणायची. बंगल्यामागं तिची खोली होती. दर शुक्रवारी उपासनेनंतर मी तिथं जायची. भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा. मी जेवायची आणि ती समोर बसून माझं जेवण बघायची. "अजून घे. पोटात काय उंदीर मेलाय का तुझ्या?" असं म्हणत पानात वाढायची. माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. कुणी असं समोर बसून वाढतं, ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. खरं सांगायचं तर देवासाठी मी त्या मंडळीत जात होते की त्या भाकरीसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. इंग्रजी मंडळीचे पाळकसाहेब त्यासाठी यायचे. विधी इंग्रजीत, गाणी मराठीत. सगळे रांगेनं पुढे जायचे आणि मावशी मागच्या बाकावर बसून राहायची. आजूबाजूला बायकांच्या पर्सा, मांडीवर कुणाचं तरी तान्हं, दोन पोरं पदराला लोंबकळलेली. सगळ्यांना ते सोयीचं होतं. ती स्वतः कधी जात नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नसावं, असं तेव्हा मला वाटायचं.

अशाच एका शुक्रवारी मी भाकर आणि द्राक्षारस घेऊन लवकर परत आले. म्हटलं, "मावशी, द्या ते बाळ इकडं. तुम्ही जाऊन या."

"बस गुमान."

"अहो, पाळकसाहेब थांबतील—"

"बस म्हटलं ना!"

ती इतकी तोडून बोलली की मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. मी बाकावर टेकले. पण नर्सचं एक असतं, दुखतंय कुठं ते एकदा दिसलं की हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. पुढच्या शुक्रवारी, भाकऱ्या झाल्यावर, मी विचारलंच.

त्या शुक्रवारी आम्ही इस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार साजरा केला होता. मावशीनं आणलेली झावळी दाराला खोचली होती. ती तव्याखालचा गॅस बंद करून खाली बसली.

"मला बंदी हाय," ती म्हणाली.

"कसली बंदी?"

"पंचांची. आमच्या गावच्या मंडळीची. प्रभुभोजन बंद केलं माझं. पंचवीस वर्सं झाली."

आणि मग तिनं सांगितलं. नवरा आधीच गेला होता. पोरगं तीन वर्षांचं. त्याला देवी आल्या. अंगावर तीळ ठेवायला जागा नाही. मिशनचा डॉक्टर रजेवर गेलेला. शेजारची हिंदू आजी म्हणाली, पोरी, दाराला निंबाच्या डहाळ्या लाव आणि आईच्या देवळात दहीभात ठेवून ये. "म्या गेले. पहाटेची गेले, डोक्यावर पदर घेऊन. पोर जगंल म्हनून कोन जानार न्हाई? तू जाशील का न्हाई, सांग."

"जाईन," मी म्हणाले.

"कुनीतरी बघितलं. सांजच्याला पंच बसले. मूर्तिपूजा केली म्हनून प्रभुभोजन बंद. म्या म्हटलं बरं, करा बंद, माझं पोर वाचू दे. दुसऱ्या दिशी पोर गेलं." तिनं परातीतलं सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. "मयताची घंटा वाजवू दिली न्हाई. कबरस्थानात जागा दिली न्हाई. भिंतीच्या भाईर पुरलं माझ्या लेकराला. एवढासा खड्डा. मग गावात राहून काय करू? मुंबईला गेले आया म्हनून, तिथनं हिकडं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नर्सची नोकरी असली तरी काही गोष्टी ऐकवत नाहीत. मी म्हणाले, "पण मावशी, इथं कोण ओळखतं तुम्हाला? ते गाव कुठं, हे मस्कत कुठं! पाळकसाहेब तर नको म्हणणार नाहीत."

"शेलारालाबी तसंच वाटतं. एकदा पाळकसायबाला घेऊन आला होता माझ्याकडं. म्या सांगितलं, ज्यांनी बांधलं त्यांनी सोडावं. तसं न्हाई तर ती भाकर माझ्या घशात अडकंल."

"कुठलं गाव तुमचं?"

"सोनेवाडी," ती म्हणाली. "तिथले दौलतराव आढाव. त्यांचा शब्द पंचात शेवटचा. ते म्हनले असते तर घंटा तरी वाजली असती."

मी घेतलेला घास तोंडातच राहिला.

दौलतराव आढाव म्हणजे माझे अप्पा, माझे वडील. आई गेल्यावर ज्यांनी माझी वेणी घालायला शिकून घेतलं, मी मिरजेला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीला धरून जे दहा पावलं पळाले, ते अप्पा. त्या वर्षी मी पाळण्यात असेन. त्या कबरस्थानाच्या भिंतीवर बसून मी लहानपणी चिंचा खाल्ल्या होत्या.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण समोर गरम भाकरी होती, खोलीला पिठाचा वास होता, आणि मला वाटलं, मी हे वाक्य बोलले की ही बाई ताट ओढून घेईल, मग मी पुन्हा त्या हॉस्टेलच्या खोलीत, भिंतींशी बोलत. मी घास गिळला. मावशी म्हणाली, "अजून घे," आणि मी घेतली. लाज वाटत होती, तरी घेतली.

पुढल्या गुरुवारी संध्याकाळी पवित्र गुरुवारचं प्रभुभोजन होतं. मी मनाशी ठरवलं, अप्पांकडून सोडवून घ्यायचं. एवढंच तर हवं होतं तिला. अप्पा आता म्हातारे झालेत, मवाळ झालेत, एक शब्द द्यायला त्यांना काय लागतंय? सोमवारी ड्युटी संपल्यावर मी नाक्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरले. घरी नुकताच फोन आला होता आणि अप्पा तो अजूनही ओरडून घ्यायचे.

"सुवार्ता? बरी आहेस ना बाळा? जेवतेस का वेळेवर?"

"जेवते अप्पा. अप्पा, तुम्हाला मनोरमा वडागळे आठवते?"

"कोण?"

"मनोरमा वडागळे! तुम्ही पंचात होता तेव्हा तिचं प्रभुभोजन बंद केलं होतं. तिचं पोर देवीत गेलं."

"वडागळे..." अप्पा थांबले. लाईनमध्ये खरखर होत होती. "अगं, तीस वर्षं पंचात काढली. असल्या किती भानगडी आल्या! कुणाकुणाचं ध्यानात ठेवू? का गं? काय झालं?"

"ती इथं आहे."

"बरं बरं. सलाम सांग तिला. तिकडून फोन महाग असतो, ठेव आता. दूध पीत जा."

फोन ठेवला आणि मी खोक्याच्या काचेला डोकं टेकून उभी राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं. अप्पांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांना ती आठवतच नव्हती! इकडे ही बाई पंचवीस वर्षं मागच्या बाकावर बसून लोकांच्या पर्सा सांभाळतेय, आणि ज्यांनी तिला तिथं बसवलं ते दूध पीत जा म्हणतायत.

बुधवारी मी मावशीकडे गेले. तिला म्हटलं, "मावशी, एक सांगायचं होतं. आमच्या ह्यांच्या ओळखीनं सोनेवाडीला निरोप गेला होता. आढाव पंचांशी फोनवर बोलणं झालं."

ती कांदा चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली.

"जित्ते हायेत?"

"आहेत. ते म्हणाले, बंदी उठवली. म्हणाले, तेव्हा चुकलंच आमचं."

"असं म्हनले?"

"हो."

"माझं नाव घेतलं त्यांनी?"

"घेतलं की. मनोरमाबाई म्हणाले."

"बाई म्हनले? मला?" तिनं पदर तोंडाला लावला. मग थोड्या वेळानं पदराआडून विचारलं, "आनि काय म्हनले?"

आता थांबायला हवं होतं. पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते आपल्या पुढं पळतं. "रडले ते," मी म्हणाले. "फोनवर रडले."

मावशी उठली, तोंड धुतलं आणि पुन्हा विळीवर बसली. सबंध कांदा चिरून झाला तरी तिचं चिरणं थांबेना.

गुरुवारी ती पांढरं, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून आली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, रांग लागली, आणि मावशी उठली. एकेक करून सगळ्या पर्सा तिनं माझ्या मांडीवर ठेवल्या. मग शेलारांची नात माझ्या हातात दिली.

"धर. आज तू सांभाळ," ती म्हणाली आणि निघाली.

शेलारकाकांची बोटं पेटीवरच थबकली. सगळी मंडळी वळून बघायला लागली. मावशी गुडघे टेकायला गेली, तिला ते जमेना, तेव्हा रांगेतल्या दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं. मी मागच्या बाकावरून बघत होते. मला पुढं जायचंच नव्हतं. मनात असं खोटं घेऊन कसल्या तोंडानं जाणार? पर्सा होत्या हे बरं झालं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा झाला होता, आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. कुणी कानफटात दिली असती तर ती मला सोसली असती.

नाताळाला मला रजा मिळाली. मावशीनं खजुराचा मोठा डबा आणून दिला.

"वाट वाकडी करून नगराकडं जाशील का? तेवढा आढाव पंचांना पोचता कर. म्हनावं, मनोरमानं पाठवलाय. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते म्हनावं."

तो डबा मी मस्कतहून मुंबई, मुंबईहून नगर, मांडीवर घेऊन आणला. बॅगेत ठेवायचा मला धीर झाला नाही.

अप्पा अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी डबा उघडला, एक खजूर तोंडात टाकला, मग दुसरा.

"झकास आहेत गं. कुणी दिले?"

"मनोरमा वडागळेनं."

"कोण?"

मग मी सगळं सांगितलं. दहीभाताचं, घंटेचं, मागच्या बाकाचं, माझ्या फोनचं आणि मी बुधवारी बोललेल्या खोट्याचंही.

"माझ्या तोंडी खोटं घातलंस?" अप्पा कडाडले. "मी रडलो म्हणून सांगितलंस? कुणी सांगितले होते नसते उद्योग?"

"रडायला हवं होतं अप्पा तुम्ही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले असेन.

अप्पांनी तोंडातली बी काढून हातात धरली. किती तरी वेळ ते तिच्याकडेच बघत राहिले. समोरून शेळ्या गेल्या, पोस्टमन सलाम करून गेला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"भिंतीबाहेर," शेवटी ते म्हणाले. "चिंचेच्या अंगाला. जागा मीच दाखवली होती, कुठं खणायचं ती. फडक्यात गुंडाळलेलं होतं ते पोर. ती बाई ओरडत नव्हती, काहीच करत नव्हती. नुसती उभी." त्यांनी ती बी मुठीत मिटली. "नाव काय होतं गं त्याचं?"

"आता नाव कशाला?"

"प्रार्थना करायची म्हटलं तर नाव नको? वडागळ्याचं पोर, भिंतीबाहेरचं, असं म्हणून नेऊ का देवापुढं?"

मला माहीत नव्हतं. अख्खं वर्ष तिच्या हातची भाकरी खाल्ली. तिच्या मालकिणीच्या चारी पोरांची नावं मला पाठ होती. तिच्यासाठी मी रडले, तिच्यासाठी खोटं बोलले, आणि तिच्या लेकराचं नाव काय, हे एकदाही विचारलं नाही. अप्पांना मी उलट बोलले होते खरी, पण मी तरी काय वेगळं केलं होतं?

आणि आता विचारायचं, तर कोण विचारतंय तेही सांगावं लागणार होतं.

परत गेल्यावरचा पहिलाच शुक्रवार. मावशी पीठ मळत होती. मी दारातच उभी राहिले. बसले असते तर पुन्हा जेवले असते.

"दिला का डबा?"

"दिला. मावशी, तुमच्या लेकराचं नाव काय होतं? माझ्या वडिलांना हवंय."

"तुझ्या वडिलांना कशाला?" ती सहज म्हणाली. मग तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं आणि माझा चेहरा निरखत राहिली, कपाळ, नाक, हनुवटी.

"आढावांची का तू?"

"हो."

"पहिल्यापास्नं ठावं होतं तुला?"

"तुम्ही गाव सांगितलंत तेव्हापासून."

"आनि फोनवर ते रडले, ते?"

"नाही रडले. त्यांना तुम्ही आठवत नव्हता."

"माझं नाव?"

"नव्हतं घेतलं, मावशी. बंदीही उठवली नव्हती. ते सगळं मी माझ्या मनानं रचलं. आता अंगणात बसून त्यांना आठवलं. तेव्हा विचारलं त्यांनी, पोराचं नाव काय म्हणून. प्रार्थना करायचीय म्हणाले."

तिनं हाताचं पीठ सावकाश परातीत झाडलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि ती द्यावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

"म्हंजे त्या गुरुवारी म्या बंदीतच घेतली ती भाकर," ती म्हणाली.

"माझ्यामुळं."

"पंचवीस वर्सं भ्याले. वाटायचं, अडकंल घशात." तिनं गळ्यावरून हात फिरवला, पीठ गळ्याला लागलं. "न्हाई अडकली की गं. कुनी सोडलं नव्हतं, तरी गेली खाली."

मी पुढं झाले तसा तिनं हात वर केला. "तिथंच ऱ्हा. आज मला तुझं तोंड बघवत न्हाई. उद्याचं उद्या बघू." मग ती परातीकडे वळली. मी जायला निघाले, पायात चप्पल घातली, तेव्हा आतून तिचा आवाज आला.

"स्तेफन. आम्ही तेफ्या म्हनायचो. पर तुझ्या बापाला सांग, देवापुढं तेफ्या म्हनू नको म्हनावं. ते लाडाचं हाय, आमच्या घरातलं. त्यानं नीट स्तेफन म्हनायचं. पुरतं नाव घ्यायचं."